उरलेल्या बर्फातली वाट : मार्च-एप्रिलमध्ये कोल्हापूरहून हिमालयात जाणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात रंगपंचमी होऊन उन्हाचा चटका जाणवू लागतो, त्याच सुमारास उत्तराखंडच्या गढवाल भागातील तीन-साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या कुरणांवर हिवाळ्याचा बर्फ अजून पसरलेला असतो. थंडी जानेवारीइतकी कडक राहिलेली नसते, दिवस मोठा झालेला असतो, खालच्या जंगलात बुरांश (लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो आणि आपल्याकडे परीक्षा संपत आलेल्या असतात. त्यामुळे पहिल्यांदा बर्फात चालू पाहणाऱ्यांना हाच काळ सोयीचा आणि सोपा वाटतो. तो सोयीचा आहे यात शंका नाही, परंतु सोपा आहे असे समजून जाणे धोक्याचे आहे. वसंताच्या सुरुवातीचा बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. त्यामुळे पहाटे सहाला, सकाळी दहाला आणि दुपारी दोनला एकच वाट तीन वेगळ्या वाटांसारखी वागते. सह्याद्रीत आपल्याला वाट ठाऊक असली की बहुतेक काम झालेले असते. येथे मात्र त्या वाटेवर आपण किती वाजता आहोत, हे वाट ठाऊक असण्याइतकेच महत्त्वाचे ठरते. या लेखातील बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघालेल्या आहेत.

वाट आणि तारीख निवडणे

पहिल्या बर्फाळ भटकंतीसाठी उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यातले दयारा बुग्याल (बुग्याल म्हणजे उंचावरचे गवताळ कुरण) हे माझ्या मते सर्वांत योग्य ठिकाण आहे. भटवाडीजवळच्या रैथल किंवा बार्सू या गावांतून वाट सुरू होते, ओक आणि बुरांशच्या जंगलातून चढते आणि साडेतीन हजार मीटरच्या आसपास पसरलेल्या विस्तीर्ण कुरणावर येते. या कुरणाचे उतार बहुतांशी सौम्य आहेत, आणि नवख्या माणसासाठी हीच गोष्ट निर्णायक आहे. सांक्री गावातून ज्यावर वाट जाते तो केदारकंठा डोंगर (३,८१० मीटर) अधिक प्रसिद्ध आहे, परंतु त्याच्या माथ्याकडचा शेवटचा चढ तीव्र आहे आणि पहाटे तो गोठलेला असतो. तेथे जाऊ नये असे नाही; मात्र बर्फावर पाय कसा टाकायचा हे आधी कळलेले असावे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जावे. त्याआधी नव्या हिमवृष्टीची शक्यता अधिक असते आणि त्यानंतर या उंचीवर बर्फाचे केवळ तुकडे उरतात. हिवाळ्यात आणि वसंतात हिमालयातील हवामान पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस आणि बर्फ घेऊन येणाऱ्या वादळी प्रणालींमुळे, बिघडते. ते एप्रिलमध्येही येतात आणि एका रात्रीत गुडघाभर बर्फ टाकून जाऊ शकतात. म्हणून वेळापत्रकात एक दिवस मोकळा ठेवणे ही चैन नसून गरज आहे. परतीचे आरक्षण अगदी काटोकाट केलेले असले, की हवामान बिघडल्यावरही वर चढण्याचा मोह होतो, आणि अनेक चुकीच्या निर्णयांचे मूळ रेल्वेच्या तिकिटातच सापडते.

स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय जाऊ नये. वनखात्याचा परवाना, तंबूची जागा आणि खेचरांची व्यवस्था तोच पाहतो. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केलेली असल्याने तंबू कुरणाच्या खाली, जंगलातील मोकळ्या जागेत लागतात, हेही लक्षात घ्यावे. गावात पोहोचल्यावर वाटाड्याला आणि दुकानदारांनाही दोन प्रश्न आवर्जून विचारावेत: गेल्या तीन दिवसांत वर कोणी जाऊन आले आहे का, आणि शेवटचा बर्फ केव्हा पडला. या दोन उत्तरांचे मोल मोबाइलवरच्या कोणत्याही अंदाजापेक्षा अधिक आहे.

कोल्हापुरात करायची तयारी

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे उंचीचा सराव येथे होऊ शकत नाही. पाय आणि दम मात्र येथे उत्तम तयार होतात. कोल्हापूरच्याच कस्तुरी सावेकर हिने २०२२ मध्ये एव्हरेस्ट सर केले, हे या बाबतीत पुरेसे बोलके आहे. निघण्यापूर्वी किमान आठ आठवडे तयारी सुरू करावी. आठवड्यातून चार दिवस सकाळी रंकाळ्याभोवती किंवा विद्यापीठाच्या परिसरात भरभर चालणे अथवा धावणे, आणि रविवारी पाठीवर आठ-दहा किलोची सॅक घेऊन जोतिबाच्या पायऱ्या किंवा पन्हाळ्याचा चढ, असा क्रम पुरेसा आहे. शेवटच्या महिन्यात एकदा पन्हाळ्याहून मसाई पठारापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यावे, म्हणजे दीर्घ चालण्यात पायांचे काय होते ते समजते. फेब्रुवारीनंतर ऊन लवकर तापते, तेव्हा हे सर्व पहाटे उरकावे. पहाटे उठून निघण्याची सवय पुढे बर्फावर सर्वांत जास्त उपयोगी पडणार आहे.

चढण्यापेक्षा उतरण्याची तयारी बहुतेक जण विसरतात. मऊ बर्फातून उतरताना मांड्यांवर आणि गुडघ्यांवर सतत भार येतो. तालमीतल्या बैठका यासाठी अतिशय उपयुक्त आहेत: खाली जाताना सावकाश, वर येताना जोराने, अशा रोज पन्नासपासून सुरू करून हळूहळू वाढवाव्यात. एका पायावर डोळे मिटून अर्धा मिनिट उभे राहण्याचा सरावही करावा. बर्फाखालची जमीन दिसत नसल्याने तोल हा डोळ्यांनी कमी आणि घोट्याने अधिक सांभाळावा लागतो.

सामान

पादत्राणाबाबत तडजोड करू नये. सह्याद्रीच्या कातळावर उत्तम पकड देणारे हलके कापडी बूट बर्फात तासाभरात भिजतात आणि त्यांचा तळ इतका मऊ असतो की गोठलेल्या बर्फात त्याने पायरी मारता येत नाही. घोटा झाकणारे, जलरोधक आणि कडक तळाचे बूट घ्यावेत, आणि जाड मोज्यांसह ते घालून वर सांगितलेल्या सर्व रविवारच्या चाली कराव्यात. नवे कोरे बूट घेऊन रेल्वेत बसणे म्हणजे पहिल्याच दिवशी फोड विकत घेणे होय.

बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाईक (रबरी पट्ट्याला जोडलेल्या साखळीवरचे धातूचे दात) आणि बुटात बर्फ शिरू न देणारे गेटर या दोन वस्तू भाड्याने मिळतात. भाड्याच्या वस्तू मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या संध्याकाळीच आपल्या बुटांवर चढवून पाहाव्यात. रबर चिरलेले असेल किंवा साखळी तुटलेली असेल तर ते पहाटे अंधारात कळून काही उपयोग नसतो. दोन ट्रेकिंग काठ्या घ्याव्यात आणि त्यांच्या टोकाजवळ रुंद चकती असल्याची खात्री करावी, कारण चकती नसलेली काठी मऊ बर्फात मुठीपर्यंत आत जाते.

कपड्यांचे तत्त्व एकच आहे: अंगाला सुती काहीही नको. सुती बनियन आणि जीन्स घाम धरून ठेवतात, आणि ओले कापड अंगाची ऊब झपाट्याने पळवते. आत घाम बाहेर टाकणारा थर, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापड), थांबल्यावर घालायचे पिसांचे जाकीट आणि सर्वांवर वारा-पाणी अडवणारा थर, अशी रचना ठेवावी. चालायला लागताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत. निघतानाच ऊब वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येणार हे निश्चित समजावे. हातमोज्यांच्या दोन जोड्या आणि कोरड्या मोज्यांची एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवावी. मोज्यांची ती जोडी तंबूत झोपताना सोडून कधीही वापरू नये.

खाण्यासाठी कोल्हापूरकरांना बाहेर शोधायला नको. गूळ-शेंगदाणे, शेंगदाण्याची चिक्की, भडंग आणि कोरडी चटणी हे सर्व टिकाऊ आहे आणि थंडीत तोंडाची चव गेल्यावरही खाल्ले जाते. चिक्की थंडीत दगडासारखी कडक होते, म्हणून घरीच तिचे लहान तुकडे करून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावेत. पाण्यासाठी नळीची पिशवी टाळावी, कारण पहाटे नळीतले पाणी गोठते. साधी रुंद तोंडाची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवावी, म्हणजे बर्फ वर आलेल्या तळाशी धरतो आणि तोंड मोकळे राहते.

प्रवास आणि उंचीची सवय

कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला जाणारी साप्ताहिक गाडी आहे; तिचा वार जुळत नसेल तर मुंबई किंवा पुणेमार्गे दिल्ली गाठून पुढे डेहराडूनला जावे. तेथून उत्तरकाशीपर्यंत डोंगरी रस्त्याचा जवळपास पूर्ण दिवस जातो. रेल्वेच्या दोन रात्रींनंतर थेट वर चढू नये. पहिली रात्र उत्तरकाशीत, साधारण साडेअकराशे मीटरवर, आणि दुसरी रैथलमध्ये, सव्वादोन हजार मीटरच्या आसपास काढावी. त्यानंतरच तीन हजार मीटरच्या जवळपास असलेल्या तंबूंकडे निघावे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे.

साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकाच राहतो. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक नसणे किंवा विलक्षण थकवा असेल, तर ती उंचीची बाधा आहे असेच धरून चालावे आणि त्या दिवशी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, सरळ रेषेत पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना लावत चालता न येणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही गंभीर लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्या माणसाला ताबडतोब खाली उतरवावे. प्रतिबंधक औषध घ्यायचे की नाही हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास. मित्राने दिलेली गोळी घेऊ नये.

दिवस घड्याळाप्रमाणे चालवणे

निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि त्याच्या पृष्ठभागावर भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडक थर तयार होतो. पहाटे या थरावर बूट टाकला की कोरडा करकर आवाज येतो आणि पाय वरच राहतो. सूर्य वर आल्यानंतर हा आवाज हळूहळू मंद होतो, मग बूट बोटभर आत जातो, मग घोट्यापर्यंत, आणि दुपारी गुडघ्यापर्यंत. पहाटे जे अंतर तासात होते, त्याला दुपारी दोन-अडीच तास लागू शकतात, आणि प्रत्येक पाऊल ओढून काढताना अंगातली सगळी ताकद निघून जाते.

म्हणून चढाईच्या दिवशी पहाटे चारला उठावे आणि पाचच्या आसपास डोक्यावरच्या विजेरीच्या उजेडात निघावे. मार्चअखेर तेथे सूर्योदय सव्वासहाच्या सुमारास होतो, तोपर्यंत जंगलातला बराच भाग मागे पडलेला असतो. निघण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ ठरवून ती सर्वांसमोर मोठ्याने सांगावी. मी अकरा ही वेळ धरण्याचा आग्रह धरीन: माथा पंधरा मिनिटांवर दिसत असला तरी अकरा वाजता पाठ फिरवायची. वेळ वर गेल्यावर ठरवायची म्हटली की ती नेहमी माथ्याच्या पलीकडे सरकते.

आदल्या रात्री आभाळ भरलेले होते का, हेही पाहून ठेवावे. ढगांमुळे बर्फातील उष्णता अडते आणि थर नीट गोठत नाही. सकाळी तंबूबाहेर पडताच बूट घोट्यापर्यंत आत गेला, तर त्या दिवसाचे घड्याळ काही तास पुढे गेले आहे असे समजून कार्यक्रम आखडता घ्यावा. उतारांच्या दिशाही लक्षात ठेवाव्यात: पूर्वेकडे तोंड असलेला उतार सर्वांत आधी मऊ होतो, दक्षिणेकडचा आणि पश्चिमेकडचा त्यानंतर, आणि उत्तरेकडचा दुपारीही कडक राहू शकतो.

पाय टाकण्याची पद्धत

कडक बर्फावर चढताना गुडघ्यापासून पाय झुलवून बुटाचे टोक बर्फात मारावे आणि निम्मा तळवा मावेल एवढी पायरी झाल्यावरच भार टाकावा. पुढच्याने मारलेल्या पायऱ्यांतूनच मागच्यांनी जावे. त्या दर वेळी थोड्या पक्क्या होतात, आणि म्हणूनच पुढे चालणारा माणूस दर वीस मिनिटांनी बदलावा. उतारावरून आडवे जाताना बुटाची डोंगराकडची कड बर्फात रुतवावी. उतरताना अंग मागे झुकवण्याची सवय सोडावी, कारण मागे झुकले की टाच निसटते. नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे झुकून, गुडघा किंचित वाकवून, टाच बर्फात दाबत उतरावे.

मायक्रोस्पाईक गोठलेल्या आणि मध्यम उतारासाठी असतात. ओल्या बर्फात त्यांच्या खाली बर्फाचा गोळा चिकटतो आणि पकड नाहीशी होते. काठीने बुटाच्या कडेला ठोकून तो वारंवार पाडावा. बसून घसरत खाली येण्याची हौस अनेकांना असते. पायात स्पाईक असताना ते कधीही करू नये, कारण एक दात अडकला की घोटा पिरगळतो. स्पाईक काढलेले असले तरी खालपर्यंतचा संपूर्ण उतार दिसत नसेल किंवा मध्ये खडक असतील, तर चालतच उतरावे.

सह्याद्रीत पाय घसरला की हात कारवीकडे जातो. बर्फावर धरायला काही नसते. म्हणून प्रत्येक उघड्या उताराआधी थांबून स्वतःला विचारावे की येथून घसरलो तर मी कुठे जाऊन थांबेन. खाली सपाट बर्फ असेल तर पुढे जावे. खाली झाडे, खडक किंवा ओढा असेल तर वळसा घ्यावा. घसरलेच, तर लगेच पोटावर वळावे, काठी टोकाजवळ धरून बर्फात दाबावी आणि पायांत स्पाईक असल्यास गुडघे वाकवून पावले वर उचलावीत.

जेथे बर्फ फसवतो

खडक आणि झाडांची खोडे उन्हाने तापतात आणि भोवतालचा बर्फ आतून वितळवतात. वरून सलग दिसणाऱ्या बर्फाखाली तेथे पोकळी असते. बुरांशच्या खुरट्या झुडपांवर साठलेला बर्फही असाच पोकळ असतो. पाय मांडीपर्यंत आत जातो आणि फांद्यांत अडकतो. बर्फातून डोकावणारी काटकी किंवा खडकाचे टोक दिसले की त्यापासून दोन पावले दूर राहावे. पाय अडकल्यास जोराने ओढू नये, भोवतालचा बर्फ हाताने उकरून मग बूट काढावा.

ओढ्यांवरचे बर्फाचे पूल याहून धोकादायक असतात. एप्रिलमध्ये वितळलेले पाणी बर्फाखालून वाहते आणि पुलाला खालून पोखरते. बर्फाचा पृष्ठभाग किंचित खोलगट किंवा काळपट दिसत असेल, अथवा पायाखाली पाण्याचा आवाज येत असेल, तर तेथे पूल आहे असे धरावे. काठी खोलवर खुपसून पाहावी, सॅकचा कमरेचा पट्टा सोडावा आणि एकेकाने, अंतर ठेवून ओलांडावे. सकाळी भक्कम वाटलेला पूल परतताना तसाच असेल असे गृहीत धरू नये.

हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होते. उतार मोजण्याची एक साधी युक्ती आहे. सारख्या उंचीच्या दोन काठ्यांपैकी एक बर्फावर सरळ उभी धरावी, आणि दुसरीचे एक टोक पहिलीच्या बरोबर मध्यावर लावून ती वरच्या, म्हणजे डोंगराच्या बाजूला आडवी धरावी. आडव्या काठीचे दुसरे टोक बर्फाला नेमके टेकले तर उतार सुमारे २७ अंश आहे. ती पूर्ण पसरण्याआधीच बर्फाला भिडली तर उतार त्याहून तीव्र आहे, आणि दुपारी तेथे आपले काम नाही. तीव्र उताराच्या पायथ्याशीही थांबू नये. वरून बर्फाचे लहान गोळे आपोआप घरंगळत येऊ लागले, तर तो ओला बर्फ सुटू लागल्याचा इशारा आहे. नवा बर्फ पडल्यानंतर निदान एक-दोन दिवस अशा उतारांखालून जाऊ नये.

डोळे, त्वचा आणि थंडी

ताजा बर्फ अतिनील किरणांचा सुमारे ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो. ऊन वरून आणि खालून असे दोन्हीकडून लागते; म्हणून सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली, हनुवटीच्या खाली आणि कानांमागेही लावावे. गॉगल पूर्ण अतिनील संरक्षण देणारा आणि बाजूंनी बंद असावा, आणि ढगाळ हवेतही तो उतरवू नये. गॉगल न वापरल्याचा परिणाम लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री तंबूत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटून ते उघडेनासे होतात. तसे झाल्यास डोळे चोळू नयेत, कॉन्टॅक्ट लेन्स काढाव्यात, थंड ओली पट्टी ठेवावी आणि अंधारात विश्रांती घ्यावी. हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो, परंतु तेवढे दिवस चालणे बंद असते.

थंडीने अंगाचे तापमान खाली जाण्यासाठी उणे तापमान लागत नाही. ओले कपडे आणि वारा पुरेसा असतो. जून २०२४ मध्ये, म्हणजे उन्हाळ्यातच, उत्तरकाशी-टिहरी सीमेवरील सहस्रताल येथे हिमवादळात सापडलेल्या २२ जणांच्या गटातील नऊ जणांचा मृत्यू झाला. एखादा सहकारी सतत कुडकुडत असेल, अडखळत असेल, त्याची जीभ जड झाली असेल, किंवा नेहमी बोलका असणारा माणूस गप्प झाला असेल, तर तेथेच थांबून त्याचे ओले कपडे बदलावेत, कोरडे थर चढवावेत आणि शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय द्यावे. दारू देऊ नये. बोटे पांढरी आणि बधिर झाली असतील तर ती बर्फाने किंवा हातानेही चोळू नयेत. काखेत धरून ऊब द्यावी.

परतताना आणि परतल्यावर

मोबाइलचे नेटवर्क वर मिळेलच असे नाही, आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. फोन अंगाजवळच्या खिशात ठेवावा. वर जाण्यापूर्वी कोल्हापुरातील एका जबाबदार माणसाकडे वाट, मुक्कामाच्या जागा, वाटाड्याचा क्रमांक आणि खाली येण्याची अपेक्षित वेळ लिहून द्यावी, आणि ती वेळ किती तासांनी उलटल्यावर त्याने वाटाड्याच्या गावी आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा हेही ठरवून ठेवावे. खाली पोहोचताच त्या माणसाला पहिला फोन करावा, नाहीतर नसलेल्या संकटासाठी शोध सुरू होतो.

खेचरांवरून वर गेलेल्या प्रत्येक वेष्टनाचा कचरा खाली आणावा. बर्फात पुरलेला कचरा मे महिन्यात कुरणावर उघडा पडतो आणि तेथेच गावची गुरे चरतात. ओले बूट शेकोटीजवळ वाळवू नयेत, त्याने तळाचा डिंक सुटतो. आतले तळवे काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून ते सावलीत ठेवावेत आणि दर काही तासांनी कागद बदलावा. कोल्हापुरात परतल्यावर भाड्याचे नसलेले स्पाईक पुसून कोरडे करावेत, झोपण्याची पिशवी गुंडाळून न ठेवता सैल टांगावी, आणि बूट पावसाळ्याआधी एकदा मेण लावून कपाटात ठेवावेत.